शेवटच्या फेरीतलं नाव

रोझ बेलमध्ये मला सगळे गुरुजी म्हणतात. भाजीवाला म्हणतो, बसचा कंडक्टर म्हणतो, आणि माझी बायको इंद्राणी रागावली की मुद्दाम म्हणते. पंधरा वर्षं झाली, गावातल्या बैठकेत, म्हणजे आमच्या संध्याकाळच्या शाळेत, मी मुलांना मराठी शिकवतो. तरी ही हाक ऐकली की मला अजून कानकोंडं होतं. का होतं, ते सांगायला बसलो आहे. खरं तर हे चारचौघांत बोलायला हवं होतं. तेवढी छाती झाली नाही, म्हणून कागद पुढे ओढला.

आधी झाकरीची रीत सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचे पणजे कोकणातून ऊस तोडायला मॉरिशसला आले तेव्हा झाकरी त्यांच्याबरोबर आली. गणपतीत अंगणाच्या मधोमध गाणारे मृदंग आणि झांज घेऊन बसतात, आणि नाचणारे पायात घुंगरू बांधून त्यांच्याभोवती फेर धरतात. शेवटच्या फेरीत, गाणं ज्यानं जोडलं, म्हणजे रचलं, त्याचं नाव घ्यायचं असतं. पण जोडणाऱ्यानं आपलं नाव आपल्या तोंडानं घ्यायचं नाही. तो कानाला हात लावून गप्प बसतो. मृदंग चालू, फेर चालू, आणि ज्यानं कधीकाळी त्याच्यापुढे नारळ ठेवून शिकायला सुरुवात केली, तो शागीर्द मोठ्यानं नाव घेतो. मग मृदंगावर थाप पडते आणि गाणं संपतं. दुसऱ्या कुणी घेतलेलं नाव चालत नाही. शागीर्द नसेल तर नाचणारे दमेपर्यंत फिरतात, आणि गाणं आपोआप थांबतं.

नंदलाल काका आमच्या मळ्यावर माझ्या बापाबरोबर ऊस तोडायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाणी जोडायचे. साठ सालच्या मोठ्या सिक्लोननं, म्हणजे वादळानं, मळ्यातल्या मजुरांच्या कॅम्पावरची सगळी छपरं नेली, आणि त्याच वर्षी गणपतीत काकांनी नवी झाकरी उभी केली.

छप्पर नेलान सिक्लोननं, देव नाय नेलान रे,
उसाच्या पाचोळ्याखाली गणराज माझा बसला रे.

मी बारा वर्षांचा होतो. ते गाणं ऐकून मला राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी आईकडून नारळ मागून घेतला आणि काकांच्या मृदंगापुढे ठेवला. काकांनी तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "आलोर जयदेव, आता माझा नाव तुझ्या तोंडात." आलोर म्हणजे तर मग; आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीतला शब्द. पुढची नऊ वर्षं प्रत्येक गणपतीत ते नाव मी घेतलं. बेंबीच्या देठापासून ओरडायचो. शेजारच्या वाडीतल्या लोकांनाही ऐकू जायचं म्हणतात.

मग मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी पुण्याला गेलो. तीन वर्षं राहिलो. पहिल्याच महिन्यात वर्गात तोंड उघडलं आणि सगळा वर्ग हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, कौतुकच होतं जास्त. पण मला ते जन्मभर पुरलं. आमच्या प्राध्यापकांनी मला जवळ घेतलं, माझी जीभ घासूनपुसून स्वच्छ केली. परत आलो तो असा स्वच्छ होऊन आलो की आईला माझं बोलणं अर्धं कळेना. ती शेजारणींना अभिमानानं सांगायची की पोराचं बोलणं आता मला समजत नाही.

परत आल्यावर झाकरीत मी बसलो नाही. शाळा, गावच्या मराठी मंडळाची कामं, वक्तृत्व स्पर्धा, कारणं पुष्कळ होती. काकांनी एकदाही विचारलं नाही. नवीन शागीर्द त्यांना कुणी मिळाला नाही. पोरांना ट्रान्झिस्टर मिळाला होता. सिक्लोनचं गाणं ते दर वर्षी गायचे आणि ते बिननावाचंच थांबायचं. मी त्या वेळी देवाला हार घालण्यात किंवा पाहुण्यांना सरबत देण्यात गुंतलेला असायचो.

सत्याहत्तर साली आलाँ आला. फ्रान्सच्या ब्रेतान्य भागातला गिटारवाला, तिशीचा, लाल दाढीचा. पश्चिम किनाऱ्यावरच्या, सेगा नावाची क्रिओल गाणी गाणाऱ्यांबरोबर त्यानं एक रेकॉर्ड काढली होती. तिच्या वेष्टणावर रवान नावाचा त्यांचा चामड्याचा ढोल वाजवणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव त्याच्या नावाएवढ्याच अक्षरात छापलं होतं. त्याला आता झाकरी हवी होती. मला फ्रेंच येतं म्हणून मंडळाचे अध्यक्ष चंद्रमोहन यांनी त्याला माझ्या गळ्यात घातलं.

मी त्याला आधी माझ्या विद्यार्थ्यांचं पेटीवरचं समूहगान ऐकवलं. त्यानं ते सभ्यपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मृदंगावर गाणारे म्हातारे कुठे भेटतील? नाइलाजानं मी त्याला नंदलाल काकांच्या दारात नेलं.

तीन दिवस दुपारी तो त्या अंगणात बसला. पहिल्या दिवशी काका कुरकुरले, "ह्याचा लाकडा जरा गप्प करा." गिटार मृदंगाच्या पुढे पळत होती. दुसऱ्या दिवशी काकांनी सरळ त्याच्या पायात घुंगरू बांधले आणि त्याला फेरात सोडला. "पाय शिकला की हात शिकल," असं म्हणाले. तो धडपडत फिरला, कुंती काकी पदर तोंडाला लावून हसली, आणि तिसऱ्या दिवशी गिटार मृदंगाच्या मागून अशी चालायला लागली की काकांनी गाता गाता मान डोलावली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. दुभाष्या मी होतो आणि मला काही कामच नव्हतं.

त्या संध्याकाळी परत जाताना आलाँ मला म्हणाला, "यांतलं एखादं गाणं जोडणारा माणूस जिवंत असेल तर मला सांगा. गाणाऱ्यांची रेकॉर्ड मी करतोच आहे, पण जोडणारा सापडला तर त्याला तीन महिने माझ्या गावी नेईन. दोघं मिळून नवी गाणी करू. वेष्टणावर आधी त्याचं नाव, मग माझं." मी म्हटलं, चौकशी करतो. का म्हटलं असं, माझं मलाच ठाऊक नाही. सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात रेकॉर्डिंग ठरलं. नेमके त्याच आठवड्यात पुण्याचे माझे प्राध्यापक वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक म्हणून आले होते. चंद्रमोहननी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि मला त्यांच्या शेजारी. काका स्वच्छ धोतर नेसून आले होते. पंधरा-वीस माणसं होती, सगळी ओळखीची.

सिक्लोनचं गाणं शेवटी घेतलं. गिटार आणि मृदंग असे जुळले होते की अंगावर काटा आला. प्राध्यापक माझ्याकडे झुकून हसत म्हणाले, "सुरेख आहे हो, पण ही मराठीच ना?" मी हसलो. हसलो, हे लिहितानाही चेहरा गरम होतो.

शेवटची फेरी आली. काकांनी कानाला हात लावला आणि गप्प झाले. मृदंग चालू राहिला, घुंगरू चालू राहिले, यंत्रावरची फीत फिरत राहिली. आणि काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात रुसवा नव्हता, आग्रह नव्हता. आपल्या माणसाकडे पाणी मागावं तसं पाहिलं. फेर एकदा फिरला, दोनदा फिरला. मी माझ्या नव्या बुटांकडे बघत राहिलो. नाचणाऱ्यांना धाप लागली आणि ते थांबले.

आलाँनं विचारलं, "शेवटी ते कशाची वाट बघत होते?"

"देवाचं स्मरण करतात, मनातल्या मनात," मी म्हणालो.

"सुंदर," तो म्हणाला आणि वही उघडून काकांसमोर बसला. "यांना विचारा, हे गाणं कुणाचं?"

मी विचारलं. माझ्या शुद्ध मराठीत विचारलं, "हे गीत कोणाचे आहे?"

काका हळू म्हणाले, "तू सांग ना जयदेव. मी माझ्या तोंडानं कसा सांगू?"

"काय म्हणतात ते?" प्राध्यापकांनी मागून विचारलं. आलाँची पेन्सिल वहीवर टेकलेली होती. हा माझा गुरू, एवढंच म्हणायचं होतं. फ्रेंचमध्ये दोन शब्द, मराठीत तीन. पण मग प्राध्यापकांना कळलं असतं की त्यांनी घासूनपुसून काढलेल्या या पोराची पहिली शाळा उसाच्या कॅम्पात होती, आणि तिथली भाषा ही अशी होती.

"जुनं लोकगीत आहे," मी फ्रेंचमध्ये म्हणालो. "कुणी जोडलं ते माहीत नाही."

आलाँनं तसं लिहून घेतलं. फ्रेंच शाळेत गेलेली दोघंतिघं तिथं होती, त्यांना ते समजलं. कुणी बोललं नाही. नाव घेणं त्यांचं काम नव्हतं, आणि शिवाय त्यांची मुलं माझ्या हाताखाली होती. काका क्रिओलवाले, पण क्रिओल फ्रेंचमधूनच निघालेली, तेवढं फ्रेंच त्यातून कळतं. ते उठले, मृदंगाला कापड गुंडाळलं, आणि दारात मला म्हणाले, "जातो गुरुजी." त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी गुरुजी म्हटलं नव्हतं.

रेकॉर्ड निघाली. वेष्टणावर छापलं होतं: रोझ बेलचं झाकरी मंडळ, गीत अज्ञात, संकलन आणि भाषांतर जयदेव गन्नू. माझ्या नावापुढे कुणीतरी प्राध्यापकही जोडलं होतं. रेडिओवर गाणं वाजायला लागलं. मला शेजारच्या रेउनियों बेटावर भाषणाला बोलावलं, विमानाचं तिकीट पाठवलं, आणि मी तिथं जाऊन लोककलांच्या जतनावर पाऊण तास बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना विमानात खिडकीशी बसून मला आठवलं की काका कधी विमानात बसलेले नाहीत. मग मी वर्तमानपत्र उघडलं.

काकांच्या वागण्यात काही फरक पडला नाही, हे जास्त वाईट होतं. वाटेत भेटले की नमस्कार गुरुजी. त्यांच्या घरी लावलेल्या लिचीची टोपली दर वर्षी आमच्याकडे यायची. एकदा इंद्राणी म्हणाली, "तुम्ही एकदा त्यांच्याकडे जाऊन का येत नाही?" मी तिच्यावर ओरडलो. तिनं काहीच विचारलं नव्हतं खरं तर.

चौऱ्याऐंशी साली आलाँ परत आला. दाढी पिकायला लागली होती. आता त्याला क्रिओल चांगलं येत होतं, दुभाष्या नको होता. पण रीत म्हणून चंद्रमोहन आणि मी बरोबर गेलो. काकांच्या छातीत तेव्हा पाणी झालं होतं. ते ओट्यावर उशीला टेकून बसले होते. अंगणात शेजारपाजारची माणसं जमली होती, माझे विद्यार्थीही होते.

आलाँ त्यांच्या पायाशी बसला आणि क्रिओलमध्ये सरळ म्हणाला, "काका, सात वर्षं मी ते गाणं वाजवतोय. ते कुणा एका माणसानं जोडलेलं आहे, माझे हात मला सांगतात. कोण तो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी अंगणातल्या माणसांकडे पाहिलं, माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. मग आमच्या मराठीत म्हणाले, "गुरुजी बोलला ते खरं. जुना गाणा हाय." आणि आलाँकडे वळून, "पा कोने, मिस्ये. ठाऊक नाय."

माझी लाज झाकायला त्या माणसानं आपलं गाणं टाकून दिलं, सगळ्यांसमोर. आणि मी? मी तिथंच उभा होतो, चार हातांवर. आताही बोलता आलं असतं. जीभ टाळूला चिकटली होती असं लिहिलं तर ते खोटं होईल; जीभ चांगली सुटी होती. कुंती काकीनं चहा आणला आणि मी कप घेऊन म्हणालो, साखर जरा कमी घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा क्युरपिपला आलाँच्या हॉटेलात गेलो आणि सगळं सांगितलं. नारळापासून. तो ऐकत राहिला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "त्यांचे तीन महिने गेले, माझेही गेले. आता ते प्रवास करू शकणार नाहीत." मग त्यानं वही काढली आणि मला नावाचं स्पेलिंग विचारलं.

पुढल्या वर्षी मे महिन्यात नवी रेकॉर्ड टपालानं आली. वेष्टणावर काकांचा फोटो, आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात: गीत आणि गायन, नंदलाल सखाराम. त्याखाली आलाँचं नाव. माझं नाव कुठेच नव्हतं. मी ती छातीशी धरून काकांकडे गेलो. खोटं कशाला बोलू, थोडा फुशारलोही होतो. वाटलं, फिटलं.

काका खाटेवर होते. मी नावावर बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी वेष्टण हातात घेतलं, फोटोवरून अंगठा फिरवला. आवडलं त्यांना, ते दिसत होतं.

"ह्याला कोणी सांगला?" त्यांनी विचारलं.

"मी सांगितलं."

"कुठं?"

"क्युरपिपला. त्याच्या हॉटेलात."

"कोण होता तिथं?"

"कोणी नाही. आम्ही दोघंच."

ते बराच वेळ खोकले. कुंती काकीनं पाठ चोळली. मग वेष्टण माझ्याकडे परत देत ते म्हणाले, "आलोर लिवलेला हाय. घेतलेला नाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. गणितात पोराची चूक दाखवावी तसं त्यांनी दाखवून दिलं. मी त्यांचे पाय धरले आणि म्हणालो, "काका, ह्या गणपतीत घेतो. सगळ्यांसमोर. तुम्ही गा, मी नाव घेतो." ते म्हणाले, "बरा." मला जयदेव म्हणतील असं वाटलं होतं.

जुलैत काका गेले. गणपती सप्टेंबरात होता.

त्या वर्षी मंडळाच्या अंगणात भर दुपारी झाकरी लागली. सिक्लोनचं गाणं पूर्ण येणारा आता मी एकटाच होतो. सोळा वर्षांनी मधोमध जमिनीवर बसलो, पांढऱ्या धोतरात. काकांच्याच शब्दांत गायलो, एक अक्षर स्वच्छ केलं नाही. शेवटच्या फेरीत उभा राहिलो आणि ओरडलो: "हा गाणा नंदलाल सखारामनं जोडला. मी जयदेव, त्याचा शागीर्द. त्याच्यापुढं मी नारळ ठेवलाय." आवाज फाटला. थाप पडली आणि गाणं संपलं. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि विचारेल, इतकी वर्षं कुठे होतास? मी त्याचीच वाट बघत होतो. उत्तर तयार होतं माझ्याकडे, शाळेच्या सभागृहापासूनचं सगळं.

उठले ते चंद्रमोहन. डोळे पुसत म्हणाले, "बघा, पोरांनो. गुरुजी पुण्याला शिकून आले, परदेशात भाषणं दिली, आणि एका ऊस तोडणाऱ्या माणसाला आपला गुरू म्हणाले. केवढं मोठं मन लागतं ह्याला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे विद्यार्थी तर उभे राहून वाजवत होते. पहिल्या ओळीत कुंती काकी बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, ती नुसती माझ्याकडे बघत होती.

तसं नाही, एवढं म्हणायचं होतं. मी मान खाली घालून हात जोडले, आणि टाळ्या आणखी वाढल्या.